दारावरची सावली

आर्डिस हावलिक गेली तेव्हा चर्चच्या बातमीपत्रासाठी तिच्यावर चार ओळी लिहून द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी दिल्या. एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, नवरा मिलो आधीच वारला, मूलबाळ नाही, मागे बिस्किट नावाचा कुत्रा आहे. चार ओळी भरल्या आणि त्यात आर्डिस कुठेच नव्हती. म्हणून हे उरलेलं लिहितोय.

मी लेलँड कोवार. धान्याच्या कोठारावर माप घेण्यात जन्म गेला. निवृत्त झाल्यावर करायला काही नव्हतं म्हणून आमच्या गावच्या जुन्या फोटोंचा एक गट ऑनलाइन काढला. दर गुरुवारी सकाळी एक फोटो टाकायचा आणि लोकांनी त्यावर दिवसभर बडबड करायची. नियम एकच होता आणि तो माझा होता: फोटोतल्या माणसांची नावं डावीकडून उजवीकडे, क्रमाने. 'आमची मावशी आणि इतर' असलं कुणी लिहिलं की मी सरळ काढून टाकायचो. इतर म्हणजे कोण? इतरांना आईबापांनी नावं ठेवली नव्हती? लोक मला खडूस म्हणायचे, पण नावं बरोबर लिहायचे.

आर्डिस गटावर पहिल्या दिवसापासून होती. फोटो कसलाही असो, ती खाली बिस्किटचा फोटो डकवायची. पूर आला तेव्हाच्या गावाच्या फोटोखाली टबात बसलेला बिस्किट. १९३६च्या बँडपथकाखाली तोंड वर करून केकाटणारा बिस्किट. तो कुत्रा गाडीत बसला की मागच्या सीटवर, छातीला पट्टे बांधलेला, आणि अंगावर अन्याय झाल्यासारखा चेहरा.

कारण आर्डिसला पट्ट्यांचं एकच वेड होतं. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती फायर स्टेशनच्या फाटकात खुर्ची टाकून बसायची. तान्ह्या मुलांचे आईबाप गाड्या घेऊन यायचे आणि ही पंचाहत्तर वर्षांची बाई मागच्या दारातून आत शिरून, मुलाच्या सीटवर गुडघा रोवून पट्टा ओढायची. मग सीट धरून हलवायची. बोटाच्या दोन पेरांहून जास्त हलली की पुन्हा पहिल्यापासून. आईबाप घड्याळाकडे बघायचे. तिला काही फरक पडायचा नाही.

आम्ही तिची थट्टा करायचो. मी तर फारच. एकदा म्हटलं, "आर्डिस, तुझ्या बसला एक तरी पट्टा होता का गं?"

"नव्हता," ती म्हणाली. "म्हणूनच मी हळू चालवायचे, आणि तू मागून हॉर्न वाजवायचास."

थट्टेच्या खाली माझा रागही होता, तो सांगून टाकतो. माझी मुलगी जनेल शेजारच्याच शेतावर राहते. तिचा एमेट तेव्हा दोन वर्षांचा होता. मी त्याला माझ्या पिकअपमध्ये मांडीवर घेऊन गुरांच्या फाटकापर्यंत जायचो. दीड मैल खडीचा रस्ता, सगळा आपल्याच शेतांमधला, तिथे कोण येतंय? स्टिअरिंगवर त्याचे हात ठेवले की तो खिदळायचा. एका दुपारी आर्डिसने आम्हाला तसं पाहिलं. तिने आपली गाडी रस्त्यात आडवी घातली, उतरली, माझ्या खिडकीशी आली आणि म्हणाली, "लेलँड, त्याला खाली उतरव. मी घरी सोडते."

"माझा नातू आहे."

"म्हणूनच सांगतेय."

नातवासमोर मला असं कुणी बोललेलं खपत नाही. मी गाडी चरातून घातली, तिला वळसा मारला आणि निघून गेलो. दोन महिने तिच्याशी बोललो नाही. बिस्किटच्या फोटोंनाही अंगठा दिला नाही.

त्याच उन्हाळ्यात सिरिल शिमेकच्या घरच्या लिलावात मी जुन्या फोटोंचं एक खोकं घेतलं. सिरिल कधीच वारला होता. घर जिल्ह्याच्या पार पलीकडच्या टोकाला, तिथल्या माणसांची मला फारशी माहिती नाही. खोक्यात बहुतेक बैल आणि लग्नं. पण एक फोटो पाहून मी एकटाच मोठ्याने हसलो. जुन्या गाडीचं उघडं दार, उन्हातलं. पुढच्या लांबलचक बाकाच्या पाठीला दोन लोखंडी आकड्यांनी अडकवलेली कापडी सीट. तिच्यात टोपी घातलेलं गुबगुबीत बाळ, समोर खेळण्यातलं स्टिअरिंग, दोन्ही मुठींनी गच्च धरलेलं. शेजारी ठिपक्यांचं कुत्रं, पुढचे पाय काचेखालच्या फळीवर टेकून. बाळाच्या छातीवर मागून आलेला बाईचा हात, तिचा चेहरा बाळाच्या टोपीमागे झाकलेला. आणि उघड्या दारावर फोटो काढणाऱ्याची सावली. मागे पेन्सिलीने तारीख होती.

गुरुवारी मी तो टाकला. 'सिरिल शिमेकच्या खोक्यातून. १८ ऑगस्ट १९५७. नावं कुणाला माहीत आहेत? आणि बघून घ्या, आमच्या काळातली बालसुरक्षा!'

दुपारपर्यंत नुसता धुमाकूळ.

लवोनने लिहिलं, 'आमच्याकडे हीच सीट होती! स्टिअरिंगला भोंगा पण होता. माझ्या भावाने इतका वाजवला की वडिलांनी उपटून मक्यात फेकला.'

ड्वेन, आमचा न्हावी: 'सीट? श्रीमंत होता तुम्ही. आम्ही सहाजण मागच्या काचेखालच्या फळीवर झोपायचो.'

लवोन: 'सहा? ड्वेन, तुमच्या घरातला एक माणूस त्या फळीवर मावला असता तरी मी मानलं असतं.'

ड्वेन: 'पाळीपाळीने, बाई.'

कुणीतरी लिहिलं की गाडीत रस्त्याकडे लक्ष असलेला कुत्रा एकटाच आहे. ड्वेनने आपल्या मांजरीचा फोटो टाकला, ती अजून पुढच्या सीटवर बसते आणि वळण चुकलं की त्याच्यावर ओरडते म्हणे. एकाने सावलीवरून विचारलं, 'फोटो काढणारा तीन फुटांचा होता काय?' मग लवोन म्हणाली, 'आणि तो हात बघा! आईचा हात हाच आमचा पट्टा. ब्रेक लागला की सटकन छातीवर.' त्यावर चाळीसजणांनी आपापल्या आईच्या हाताच्या गोष्टी लिहिल्या. बायका म्हणाल्या, आमचा हात अजून जातो, शेजारी नुसती भाजीची पिशवी असली तरी.

शेवटी मी लिहिलं, 'आणि तरी आपण सगळे धडधाकट. या गटातला एकही माणूस लहानपणी गाडीत मेला नाही.' त्यावर सगळ्यात जास्त हसले. मी आणखी एक वाक्य जोडलं: 'आर्डिस कुठे आहे? सगळ्यांना शनिवारी तपासणीला बोलवा म्हणावं.'

आर्डिस आली नाही. बिस्किटही आला नाही. शुक्रवारीही नाही.

शनिवार महिन्याचा पहिला होता. मी टपालाला म्हणून गेलो तर फायर स्टेशनसमोर तीन गाड्या उभ्या, आत मुलं रडतायत आणि खुर्ची रिकामी. चौदा वर्षांत ती खुर्ची रिकामी राहिली नव्हती. राग विसरून मी तिच्या घरी गेलो. मनात आलं ते इथे लिहीत नाही.

ती स्वयंपाकघरात बसली होती. बिस्किट पायाशी. टेबलावर टॅब्लेट उघडा, त्यावर तो फोटो इतका मोठा केलेला की नुसता हात आणि टोपीची कड दिसत होती.

"बस," ती म्हणाली. "कॉफी तुझी तू घे. मला उठवत नाही."

मी कॉफी घेतली. तिने बोट फिरवून फोटो लहान केला, मग पुन्हा मोठा.

"सिरिल माझा मामा," ती म्हणाली. "त्या दिवशी आम्ही त्याच्याकडून घरी निघालो होतो. कॅमेरा त्याचा. मी हट्ट केला म्हणून त्याने मला एक फोटो काढू दिला. नऊ वर्षांची होते."

मला दारावरची सावली आठवली. तिच्या डोक्यावर दोन छोट्या वेण्या दिसत होत्या. तीन दिवसांत आम्हा दोनशे माणसांपैकी एकालाही त्या दिसल्या नव्हत्या.

"फोटो काढला आणि मी खिडकीशी जाऊन बसले. आमचं कुत्रं टिपी माझ्या मांडीवर. मध्ये माझा भाऊ डेनिस. ऑगस्ट होता, मका डोक्याच्या वर गेलेला. दोन मैलांवर खडीचे दोन रस्ते एकमेकांना छेदतात ना, तिथे दोन्हीकडे काही दिसत नाही. दुसरी गाडी आली. आईने ब्रेक मारला. धडक बसली नाही, लेलँड. त्या गाडीला ओरखडासुद्धा नाही. आम्ही फक्त चरात गेलो."

तिने खाली वाकून बिस्किटचा कान कुरवाळला. 

"सीटचे आकडे सुटले," ती म्हणाली. "नुसते अडकवलेलेच असायचे ते. आणि आईचा हात माझ्यावर होता. इथे." तिने आपल्या गळ्याखाली तळवा ठेवला. "तिचं मनगट मोडलं, इतका जोरात. मला खरचटलंसुद्धा नाही. तिला उजवा हात एकच होता."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. गुरुवारी मी काय लिहिलं होतं ते मला शब्दन् शब्द आठवत होतं.

"आई पुन्हा कधी गाडीत पुढे बसली नाही. घरातले डेनिसचे सगळे फोटो तिने चुलीत घातले. मामाने हा धुऊन आणला असणार आणि दाखवायची हिंमत झाली नसणार. सहासष्ट वर्षं झाली. त्याचा चेहरा मला आठवत नव्हता रे. डोळे मिटले की टोपी दिसायची, खाली काही नाही."

"तिने कधी काही म्हटलं तुला?"

"एकदाच. शेवटच्या आजारात. म्हणाली, त्याला सीट होती, तुला नव्हती, म्हणून हात तुझ्याकडे आला." आर्डिसने डोळे पुसले, घाई न करता. "पण हात असा विचार करत नाही. मला ओझं नको म्हणून तिने ते कारण शोधून काढलं. बत्तीस वर्षं लागली तिला."

मी म्हणालो, "आर्डिस, मी ते सगळं आत्ता काढून टाकतो. फोटो, लोकांचं, माझं. सगळं."

"खबरदार." हा आवाज बसमधला होता. "लोक हसले कारण ते जिवंत राहिले. हसू दे. फोटो राहू दे. तुझं वाक्यही राहू दे, तुझ्या नावासकट. मला फक्त नावं लिहायची आहेत. तुझा नियम आहे ना? दोन दिवस लिहितेय आणि पुसतेय. हात चालत नाही. मी सांगते, तू लिही."

ती सांगत गेली आणि मी तिच्या टेबलाशी बसून एका बोटाने लिहिलं:

'डावीकडून उजवीकडे: माझी आई ब्लँच, माहेरची शिमेक (फक्त हात). माझा भाऊ डेनिस, वय एक वर्ष दहा महिने. टिपी. दारावर सावली: मी. हा फोटो काढल्यावर दहा मिनिटांनी डेनिस गेला. सीट आकड्यांची होती. आईची काही चूक नव्हती. ज्यांच्या आईचा हात त्यांच्यापर्यंत पोहोचला त्यांनी आज तिची आठवण काढावी.'

तिने ते दोनदा वाचून घेतलं आणि बटण तिने स्वतः दाबलं.

तासभर गेला. मग ड्वेनने लिहिलं, 'डेनिस.' एवढंच. त्याच्याखाली लवोनने तेच लिहिलं, मग आणखी कुणी. संध्याकाळपर्यंत एकाखाली एक तेच नाव. मीही तेच लिहिलं. माझं ते वाक्य अजून तिथेच आहे. कुणालाही वाचता येतं.

रविवारी मी जनेलकडे गेलो आणि म्हटलं, "एमेटची दुसरी सीट दे, पिकअपमध्ये बसवायची आहे." ती म्हणाली, "बाबा, तुम्ही? मांडीशिवाय न्यायचा तर चालत नेईन म्हणाला होतात."

"तेव्हा मी मूर्ख होतो," मी म्हणालो. "आता सीट दे."

मी ती माझ्या हाताने बसवली, कोठारावर चाळीस वर्षं दोर आवळलेल्या हाताने, आणि पुढच्या पहिल्या शनिवारी आर्डिससमोर गाडी उभी केली. ती आत वाकली, सीट धरून हलवली. सीट हातभर हलली. "लाज वाटू दे," ती म्हणाली, आणि गुडघा रोवून पट्टा ओढू लागली. एमेट सीटमध्ये बसून तिच्या पांढऱ्या केसांत बोटं घालत होता. मी मागे उभा राहून फोनवर एक फोटो काढला. का काढला ते तेव्हा मला माहीत नव्हतं.

मार्चमध्ये ती झोपेतच गेली. चर्चच्या तळघरात जेवण झालं, लवोनने खसखस भरलेले गोड पाव, कोलाचे, केले, फायर स्टेशनच्या पोरांनी ती खुर्ची आणून दाराशी ठेवली. बिस्किट आता माझ्याकडे असतो. मागच्या सीटवर, पट्ट्यात, तोच चेहरा.

पुढच्या गुरुवारी मी तो फोटो टाकला. खाली नियमाप्रमाणे लिहिलं:

'डावीकडून उजवीकडे: आर्डिस हावलिक (फक्त पाठ). माझा नातू एमेट, वय दोन वर्षं दहा महिने. गाडीच्या दारावर सावली: मी.'