अण्णांना दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा

अण्णांना जाऊन आज वर्ष झालं, आणि मी अजून प्रज्ञावर चिडलेली आहे.

सकाळपासून घरात नुसत्या येरझाऱ्या घालतेय. चहा ठेवला, तो उतू गेला. म्हटलं, लिहून तरी बघू.

माझं काम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी जालन्यात नर्सेसना म्हाताऱ्या माणसांची काळजी कशी घ्यायची ते शिकवते. कूस कशी बदलायची, कुठली गोळी कशाबरोबर चालत नाही, पडू नयेत म्हणून काय बघायचं.
आणि सगळ्यात अवघड म्हणजे, बोलायचं कसं.

सरावाला आमच्याकडे प्लास्टिकचा पुतळा होता. बिचारा फार गुणी. काहीही करा, कुरकुर नाही. असा म्हातारा अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही.

म्हणून मी माझ्या वडिलांना आणलं. अण्णा एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. हसनाबादला बसून गावाला शिस्त लावत होते. म्हटलं, चला, आमचे पेशंट व्हा.

माणूस हौशी! बीपीचा पेशंट व्हायला सांगितलं, तर डोळे पांढरे करून थेट मरूनच दाखवलं.
"अण्णा, मरायचं नाहीये!"
"बरं बरं. मंग नुसती चक्कर आल्यावानी करतो."
पोरी हसून हसून बेजार.

पण एका गोष्टीवर ते खवळायचे. सरावात मी पेशंटची मुलगी व्हायचे, आणि पोरी सवयीनं मलाच विचारायच्या, "बाबा जेवतात का? झोप लागते का?"

"ओ बाई, मी इथं बसेल हाय की! ज्याला तिकीट काढायचंय त्यालाच इचारतेत कुठं उतरायचं, शेजारच्याला न्हाई."

बरं, त्यांना विचारलं तरी उत्तर एकच. "बरं हाय."

गुडघा भोपळ्याएवढा सुजलेला असला तरी बरं हाय. आपल्याकडे आलेल्या माणसापुढं लगेच दुखणं काढत नाहीत. आधी पाणी, मग चहा, मग पाऊसपाणी. तोवर नर्स 'तक्रार नाही' लिहून पुढच्या घरी गेलेली असते.

अण्णा पोरींना सांगायचे, "पहिलं बरं हाय म्हंजी रामराम समजायचं. जल्दी करायची न्हाई. जरा बसायचं, अन् मंग परत इचारायचं."

मी ते ट्रेनिंगमध्येच घालून टाकलं. दोनदा विचारा. नातेवाईक मध्ये बोलले तर हात करून थांबवा.

केदारखेड्याची प्रज्ञा त्याच बॅचची. कमी बोलणारी, पण सांगितलेलं पक्कं धरणारी.

गेल्या वर्षी अण्णांच्या किडन्या गेल्या. जालन्यातल्या दवाखान्यात ठेवलं, तर तिथं ड्युटीला प्रज्ञा. मला केवढा धीर आला होता.

डॉक्टर राउंडला आले. म्हणाले, संभाजीनगरला हलवून डायलिसिस करून बघता येईल. हृदय थकलंय, खात्री देत नाही, पण थोडा वेळ मिळू शकतो.

"हलवू," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता."

प्रज्ञानं मला हात करून थांबवलं.

मला!

"मॅडम, तुम्ही नका सांगू. मी अण्णांना इचारते."

डॉक्टरांनी मान डोलावली. तिनं अण्णांना सगळं सोपं करून सांगितलं. मशीन काय करतं, न केल्यास काय होईल. "तुम्हाला काय वाटतंय, अण्णा?"

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. "बरं हाय. पोरगी म्हणन तसं."

"झालं ना समाधान?" मी तिला म्हटलं.

ती स्टूल ओढून बसली. अण्णांचा हात हातात घेतला आणि गप्प बसून राहिली. मला तो हात ओढून काढावासा वाटत होता.
मग तिनं परत विचारलं.

"मला घरी न्या," अण्णा म्हणाले. "लई फिरलो गाड्यांवर. आता बिलकुल कुठं जायचं न्हाई. पोरगी रडंल. रडू द्या तिला."

मी भांडले. डॉक्टरांशी, अण्णांशी. प्रज्ञाला तर म्हणाले, "माझे धडे मला नको शिकवूस." तरी तिनं निघताना तोंड कोरडं पडलं तर काय करायचं, धाप लागली तर कसं बसवायचं, सगळं मला नीट समजावून सांगितलं. मीच तिला शिकवलेलं होतं ते.

अण्णा हसनाबादला आठवडाभर राहिले. ओट्यावर खाट टाकली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायचे. एसटीचा हॉर्न ऐकला की म्हणायचे, "आज लेट हाय." एका दुपारी झोपेतच गेले.

लोक म्हणतात, नशीबवान, आपल्या घरून गेले. म्हणोत बापडे.

मला रोज वाटतं, मशीनवर अजून काही महिने मिळाले असते. दिवाळीला असते. आणि रोज हेही वाटतं, ते महिने त्यांनी छताकडं बघत काढले असते. दोन्ही एकाच वेळी वाटतं. एका जागी बसवत नाही मग.

मघाशी प्रज्ञाचा फोन आला. वर्षभरात पहिल्यांदा.

"मॅडम, माझं चुकलं होतं का?"

"नाही गं," मी म्हटलं.

पलीकडं ती ढसाढसा रडायला लागली. वर्षभर ही पोर तेवढ्या एका शब्दासाठी थांबली होती.

पुढच्या आठवड्यात नवी बॅच येतेय. 'बोलायचं कसं' हा तास आता तू घे, असं तिला सांगितलं. मला तो अजून नीट घेता यायचा नाही.

अण्णा, तुमच्या मनासारखं झालं. माझ्या मनासारखं नाही झालं.
तुम्ही हवे होतात.

तुमच्या लेकीचा नमस्कार.