भाव विचारला म्हणून

"हा काय मासळीबाजार आहे का?"

साहेब एवढंच म्हणाले. कॉफीच्या त्या चकचकीत दुकानात, काउंटरसमोर, सगळ्यांच्या देखत. आमचं अख्खं ऑफिस हसलं. काउंटरमागचा माणूसही हसला.

मी केलं काय होतं? भाव विचारला होता. गेल्या शुक्रवारी शंभराच्या आत मिळालेली कॉफी त्या दिवशी शंभराच्या वर गेली होती. कप तोच, कॉफी तीच. मी म्हटलं, "एकदम एवढी कशी वाढली? बरोबर सांगा ना."

ते 'बरोबर सांगा' तोंडून आपोआप गेलं. माझी आई पनवेलच्या बाजारात मासळी विकते. तिचं आणि गिऱ्हाइकाचं बोलणं याच दोन शब्दांनी सुरू होतं. आई जास्त सांगते, बाई कमी मागते, मग दोघी हसतात आणि आई वर दोन बोंबील टाकते. यात कुणाची अब्रू जात नाही. उलट भाव न विचारता पुढं गेलेली बाईच आईला शिष्ट वाटते.

"सर, ती गव्हाणची ना, कोळ्यांची. सवय असणार," नेहा म्हणाली. माझ्या बाजूला बसणारी नेहा. माझ्या डब्यातली कोलंबी बोटं चाटून खाणारी.

नवीन पनवेलला एका बिल्डरच्या ऑफिसात मी कामाला होते. फोन घ्यायचे, आलेल्या लोकांना विचुंब्यातले फ्लॅट दाखवायचे. शुक्रवारी ऑफिस सुटलं की सगळे कॉफीला जायचे. मला ती कॉफी कधीच आवडली नाही, कडू जहर. मी सोबतीसाठी जायचे. कॉलेजच्या मैत्रिणी लग्न होऊन पांगल्या होत्या. गावात मी ऑफिसवाली, म्हणून मला कुणी गप्पांत घेत नसे. आठवड्यातला तो एकच तास कुणीतरी माझ्याशी कामाशिवाय बोलायचं.

साहेबांनी पाकीट काढलं. "राहू दे गं, मी भरतो. शीक जरा हळूहळू."

शीक म्हणे! आमच्या ऑफिसात दिवसभर काय चालायचं? फ्लॅटच्या भावावरून माणसं तासन्‌तास ताणायची. साहेब त्यांना चहा पाजायचे, वर पार्किंग फुकट द्यायचे. त्याला निगोशिएशन म्हणायचं. मी केलं की मासळीबाजार.

कान तापले.

"सर, माझे पैसे भरू नका," मी म्हणाले. "मासळीबाजारात माझी आई बसते. तिथं भाव विचारणाऱ्याला कुणी हसत नाही."

नेहा मोबाइल बघत राहिली. मी बाहेर पडले. एकीनं तरी मागून हाक मारावी असं फार वाटलं. गव्हाणच्या गाडीची वाट बघत उभी राहिले आणि तिथंच रडले.

घरी आईला सांगितलं. "इचारलास त काय झाला गो? फुकट नाय ना मागितलास?" ती म्हणाली. मग मान खाली घालून पाटी घासत बसली. तिचं ते मान खाली घालणं मला साहेबांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. तो शब्द असाच फेकलेला तिनं आयुष्यभर ऐकला असणार.

पुढच्या शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर नेहा जवळ आली. "सर गंमत करत होते गं. चल ना." जावंसं वाटलं. खोटं कशाला बोलू, पर्सला हातही घातला होता.

"सरांना आधी तो शब्द मागं घ्यायला सांग," मी म्हटलं.

ती खांदे उडवून गेली. त्यानंतर मला बोलवायला कुणी आलं नाही. शुक्रवारची संध्याकाळ अजून खायला उठते.

उठू दे. मी कुठंही गेले तरी आधी भाव विचारते, आणि मोठ्यानं विचारते. माझ्या आईच्या पोटापाण्याच्या जागेची ज्यांनी शिवी केली, त्यांच्या टेबलाशी मी बसणार नाही. जन्मभर एकटीनं बसावं लागलं तरी नाही.