लिम आँटींची भुतं

दुपारी तीन वाजले की लिम आँटी घराचं लाकडी दार उघडत, लोखंडी जाळी तेवढी लावून ठेवत आणि भुतं सुरू करत. तैवानच्या मालिकांच्या डीव्हीडींनी त्यांचं कपाट भरलेलं होतं. टीव्हीवर अशा मालिका मँडरिनमध्ये डब होऊन लागत, पण आँटींना त्या होकियनमध्ये, त्यांच्या घरच्या बोलीतच हव्या असत. "माझी आई ज्या भाषेत ओरडायची, त्या भाषेत भूत ओरडलं तरच भीती वाटते, अंकल," असं त्या तुटक इंग्रजीत म्हणत.

सिंगापुरात जुरोंग ईस्टला मुलाकडे राहायला आलो तेव्हा माझी पत्नी नुकतीच गेली होती. मुलगा आणि सून अश्विनी ऑफिसात, नात सानवी शाळेत. एके दुपारी शेजारून किंकाळी ऐकून मी जाळीतून डोकावलो. आँटी शांतपणे शेंगा सोलत बसल्या होत्या. "आत या. ती आत्ताच मेलीय. आता गोष्ट सुरू होईल."

मग मी रोज जाऊ लागलो. त्या प्रत्येक प्रसंग मला इंग्रजीत समजावत. हे भूत का छळतंय, असं विचारलं की तिथल्या सवयीनं वाक्याला 'लाह' जोडून म्हणत, "कारण असतं, लाह. बिनकारण दार वाजवतो तो सेल्समन."

सानवी शाळेतून आली की आँटी ताबडतोब मालिका बंद करून कार्टून लावत, तिला बिस्किट देत. मजल्यावरची आणखी दोन-तीन मुलंही येऊन बसत. "मुलांना आधी माणसं कळू देत. भुतं नंतर," असा त्यांचा नियम होता.

नियम मी मोडला. एका मालिकेत बुडून मेलेली बाई रोज संध्याकाळी ओल्या पावलांनी स्वयंपाकघरात येई. ती गोष्ट मी झोपताना सानवीला 'आँटींचं भूत' म्हणून मराठीत सांगितली आणि रंगवली. माझ्या गोष्टीतली बाई बाथरूमच्या दाराआडून मुलांना नावानं हाका मारायची. सानवी मला बिलगली, याचा मला आनंद झाला. त्या घरात एरवी माझं कोण ऐकत होतं?

सानवी एकटी बाथरूमला जाईना. अंथरूण ओलं होऊ लागलं. अश्विनीनं खोदून विचारल्यावर ती एवढंच म्हणाली, "आँटीज घोस्ट."

"बाबा, तुम्ही तिथे बसता ना? त्या पोरीला हे दाखवतात?"

मी म्हणालो, "दाखवत असतील."

अश्विनी शेजारी गेली. मी तिच्यामागे उभा होतो. आँटींनी सगळं ऐकून घेतलं, माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाल्या, "सॉरी. माझं चुकलं, लाह." अश्विनीनं इतर आयांनाही सांगितलं. बिस्किटं खायला मग कोणीच गेलं नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता शेजारचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. भिंतीला लागून बसलो तर मालिकेच्या आवाजातूनही आँटींचा आवाज येत होता, इंग्रजीत. "आता ती जिना चढतेय. आता सासू दार उघडणार." घरात त्या एकट्या होत्या. एकट्या असताना त्या होकियन बोलत. ती मालिका संपेपर्यंत त्या रोज तशा बोलल्या. मी रोज ऐकलं. चार पावलं चालून गेलो नाही.

पुढे त्या पडल्या. नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलातून परतल्या नाहीत. त्या वर्षी चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात, मेलेली माणसं घरी येतात त्या दिवसांत, आमच्या इमारतीखाली गाण्यांचा स्टेज लागला. पहिली रांग भुतांसाठी रिकामी होती. सानवीनं माझा हात घट्ट धरला. "आजोबा, दॅट स्केअरी आँटी तिथे बसणार?"

मी म्हणालो, "चल, जेवायला उशीर होतोय."

सानवी आता मोठी आहे, पण मराठी वाचत नाही. म्हणून हे मी तिला वाचून दाखवणार आहे, अश्विनीसमोर. हाका मारणारी बाई माझी होती, सानू. आँटींच्या गोष्टीतली बाई कोणालाच हाक मारत नव्हती. आपल्या मागे मूल जेवलं का, एवढंच बघायला ती स्वयंपाकघरात यायची.