कॉफीबरोबरच्या दोन गोळ्या

"पेप्टिक अल्सर," डॉक्टर म्हणाले. पेप्टिक अल्सर म्हणजे जठराला किंवा त्याच्या पुढच्या आतड्याला आतून पडलेली जखम. "ती जखम वाहते आहे. यांच्या अंगात रक्त फार थोडं उरलंय. दुखण्याच्या, तापाच्या कसल्या गोळ्या घेतात का या?"

अक्का खाटेवर डोळे मिटून पडल्या होत्या. प्रश्न त्यांच्याबद्दलचा होता, उत्तर मात्र मी दिलं. "नाही हो डॉक्टर. आमच्या घरात गोळ्या खाणारं कुणी नाही."

माझ्या खांद्याला तेव्हा जी पिशवी होती, तिच्यात पाहणीचे कोरे कागद होते. त्याच सकाळी बेंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या चार घरांत जाऊन मी हाच प्रश्न परक्या बायकांना विचारून आले होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला उगाच भली बाई समजणार नाही.

अक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन माहेरी आल्या आणि धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं. साठ सालच्या सुमाराला यांना बेंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात इंजिनियरची नोकरी लागली, तेव्हा बेळगावाकडून आमच्याबरोबर त्याही आल्या. घर आणि पुढे आमची पोरं, सगळं त्यांच्या हातात होतं. मी बी. ए. झालेली, मराठी आणि कन्नड दोन्ही सरळ बोलणारी, आणि घरात बसून कंटाळलेली. एका मेडिकल कॉलेजाने वस्त्यांमधून पाहणी काढली होती. मोठी माणसं दारू किती पितात आणि दुखण्याच्या गोळ्या किती घेतात, हे घरोघर जाऊन विचारायचं. त्यासाठी दोन भाषा येणाऱ्या बायका हव्या होत्या. मी गेले आणि लागले.

काम चांगलं शिकवलं होतं. "तुम्ही पिता का?" असं विचारायचं नाही, कारण त्याला सगळे नाहीच म्हणतात. "काल कामावरून आल्यावर काय काय केलंत?" असं विचारायचं आणि गप्प बसायचं. मग माणूस आपणहून सांगतो, वाटेत थांबलो, स्वल्प सारायी घेतली. सारायी म्हणजे इथली हातभट्टीची नव्हे, दुकानात मिळणारी देशी. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की ज्याचं त्याला विचारायचं. नवऱ्याचं बायकोला नाही, सासूचं सुनेला नाही. जमलं तर एकट्याला गाठून.

मी यात पटाईत झाले होते. लोकांच्या पोटातलं काढून घ्यायची मला चटकच लागली होती म्हणा ना. संध्याकाळी घरी येऊन यांना तिखटमीठ लावून सांगायची, नावं न घेता. अक्का भाकरी थापत ऐकायच्या.

आता गोळ्यांचं सांगते. अक्कांना अर्धशिशी होती, पुढे गुडघेही धरले. कारखान्याच्या दवाखान्यात कुटुंबाला फुकट औषध मिळायचं, पण कुटुंब म्हणजे बायको, मुलं, आईवडील. विधवा बहीण त्यात बसत नव्हती. मग काय करायचं? मीच गेले आणि डॉक्टरांना सांगितलं, माझं डोकं दुखतं. त्यांनी ए. पी. सी.च्या गोळ्या लिहून दिल्या. ए. पी. सी. म्हणजे अॅस्पिरिन, फेनॅसेटिन आणि कॅफीन, तीन औषधांची मिळून एक गोळी. तेव्हा ती घरोघर असायची. आमच्या ओळखीतल्या अशा सगळ्याच घरांत हेच चालायचं. कुणाची आत्या, कुणाची मावशी, दुखणं त्यांचं आणि चिठ्ठी सुनेच्या नावावर. यात काही चुकतंय असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. अक्कांना कुठल्याही डॉक्टरने कधी तपासलंच नाही, हेही कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दर पंधरवड्याला मी दवाखान्यातून गोळ्या आणायची आणि न मोजता स्वैपाकघरातल्या डब्यात ओतायची. सकाळी अक्का कपाळ दाबत बसल्या की मी कॉफीबरोबर दोन गोळ्या हातावर ठेवायची. अर्ध्या तासात त्या उठायच्या, आंघोळ, पूजा, स्वैपाक सगळं करायच्या. मी पिशवी उचलून बाहेर पडायची. गोळी अक्का खायच्या, पण तिच्यावर चालायचं ते माझं काम. हे कळायला मला हॉस्पिटलात यावं लागलं.

गोळ्यांना अशी काही वर्षं झाली, आणि पाहणीच्या वर्षी त्या पांढुरक्या दिसू लागल्या. दोन पायऱ्या चढल्या तरी धाप लागायची. मी म्हणायची, "अक्का, उपास कमी करा." शौचाला काळं होतं, ही आत रक्त वाहत असल्याची खूण; ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि असलं कुणी विचारतही नाही. एक दिवस मी कामावर असताना त्या चुलीपुढेच कोसळल्या. उलटी झाली ती कॉफीच्या चोथ्यासारखी. शेजाऱ्यांनी यांना कारखान्यात फोन केला आणि टॅक्सी करून हॉस्पिटलात नेलं. मी मागून पोचले, तो डॉक्टरांचा तो प्रश्न.

मी नाही का म्हणाले? एक तर भीती. गोळ्या माझ्या नावावरच्या, हे बाहेर आलं तर यांच्या नोकरीवर बालंट येईल असं वाटलं. आणि दुसरं, खरं सांगते, ते औषध आहे असं मला वाटतच नव्हतं. कॉफीबरोबर साखर असते तशी ती गोळी होती.

पहिल्या दिवशी रक्त चढवलं. काचेची बाटली, लाल रबरी नळी. अर्धं रक्त यांनीच दिलेलं. दर तासाला थंड दूध आणि एक पांढरं पातळ औषध. बेरियम मील झालं, म्हणजे खडूसारखं पाणी पाजून पोटाचा एक्सरे काढतात. जखम स्पष्ट दिसली. दोन दिवसांत अक्कांच्या ओठांवर जरा रंग आला.

मग त्यांचं डोकं उठलं. एवढं, की उजेड सहन होईना. डॉक्टरांनी कॉफी बंद केलेली. अक्का मला म्हणाल्या, "सुमन, स्वल्प कॉफी आण की गं घरची. डोकं फुटायला लागलंय." दुसऱ्या दिवसापासून मी थर्मासमधून पातळ कॉफी नेऊ लागले. बरोबर कागदाच्या पुडीत दोन गोळ्या. नर्स पलीकडे गेली की द्यायची. दोन गोळ्यांनी काय होतंय, असं म्हणत.

अक्का पुन्हा पांढऱ्या पडल्या. शौचाच्या तपासणीत पुन्हा रक्त. डॉक्टर तरुण होते, हुबळीकडचे, मराठी समजायचं पण बोलायचे कन्नड. त्यांना कोडं पडलं. त्यांनी यांना आणि मला व्हरांड्यात बोलावलं.

"जखम भरायला हवी होती, भरत नाही. सोमवारपर्यंत रक्त थांबलं नाही तर ऑपरेशन करावं लागेल. पण ब्लड युरिया वाढलाय. म्हणजे किडनी, मूत्रपिंडं, रक्तातली घाण नीट बाहेर टाकत नाहीत. अशा अंगाला भूल सोसेल असं मी सांगू शकत नाही."

हे बाकावर बसले. मला म्हणाले, "आईच्या जागी आहे गं ती माझ्या." मी उभीच राहिले. माझ्या हातात थर्मास होता.

तसाच तो घेऊन मी अक्कांजवळ आले. वॉर्डमध्ये भेटीची वेळ संपत आलेली, शेजारच्या खाटेभोवतीची माणसं निघून गेली होती. मी स्टूल ओढलं, थर्मास खाली ठेवला आणि उघडला नाही. कसं विचारायचं ते मला येत होतं. शेकडो घरांतून विचारलं होतं.

"अक्का, घरी असताना सकाळी उठल्यापासून काय काय करता, ते मला सांगा."

"तुला ठावं नाही व्हय?"

"नाही," मी म्हटलं. "मी नऊला बाहेर पडते."

त्यांनी छताकडे नजर लावली. मग सांगत गेल्या. कॉफीबरोबर तू देतीस त्या दोन. तू गेल्यावर धुणं असतंय, वाकलं की ठणका येतोय, तेव्हा दोन. जेवण झाल्यावर पडलं तर झोप लागत नाही म्हणून एखादी. पोरं शाळेतून यायच्या आधी एक. रात्री भाकरीच्या आधी परत दोन. घेतली नाही तर डोकं असं उठतंय, की उभंच राहवत नाही. डबा रिकामा होत आला की जीव घाबरतोय, तू आणशील का नाही म्हणून.

मी गप्प बसले. नियमच होता तसा. बोटांवर मोजलं, दिवसाला आठ.

"मला कधी सांगितलं नाहीत, अक्का."

"कुणी विचारलं तर सांगायचं," त्या म्हणाल्या. रागाने नाही, नेहमीच्याच आवाजात. "ती शारदम्मा आलती बघ आपल्या घरी. तेव्हा वाटलं, ही विचारणार. चुलीवरचं उतरवून, हात पुसून बसले होते मी आत. तू म्हणालीस, आत कोण नाही विचारण्यासारखं."

हे मला इथे सांगितलंच पाहिजे. आमचं घरही पाहणीत आलं होतं. आपल्या घरी आपण विचारायचं नाही म्हणून माझ्याबरोबर काम करणारी शारदम्मा आली होती. अक्कांनी केलेलं उप्पीट आम्ही दोघींनी खाल्लं. यांचं उत्तर मी दिलं, माझं मी दिलं. "आत अक्का आहेत ना, त्यांना विचारायचं?" शारदम्माने विचारलं. मी म्हटलं, "त्यांचं काय विचारायचंय? लिही, काही नाही." तीही "सरी, सरी", बरं बरं, म्हणत उठली. बाहेर साऱ्या जगाला नियम शिकवणारी मी, आणि माझ्या घरात भिंतीपलीकडे एक बाई हात पुसून बसली होती.

मी तशीच डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. गोळ्या, माझ्या नावावरची चिठ्ठी, पुडी, थर्मास. हेही तिथेच होते. डॉक्टर ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "अम्मा, आम्ही वरून रक्त घालत होतो आणि तुम्ही खालून भोक पाडत होता. अॅस्पिरिनने जखम वाहते. फेनॅसेटिन वर्षानुवर्षं पोटात गेलं तर मूत्रपिंडं खराब करतं, असं आता दिसायला लागलंय. हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर आज ऑपरेशनचं नाव निघालं नसतं." मग वॉर्डमध्ये जाऊन अक्कांच्या खाटेवर वाकून त्यांनी सगळं पुन्हा विचारलं. या वेळी मी मध्ये तोंड घातलं नाही.

गोळ्या थांबल्या. पुढचे दिवस वाईट गेले. डोकेदुखीने अक्का उशीत तोंड खुपसून कण्हायच्या, माझ्याकडे हात पुढे करायच्या, "एक दे गं, एकच." मी कपाळावर ओला रुमाल धरून बसायची. एकदा त्यांनी मला शिवी दिली. दिली ते बरं झालं.

सोमवारी तपासणीत रक्त नव्हतं. डॉक्टरांनी अजून थोडं थांबू या म्हटलं, आणि मग ऑपरेशन लागलंच नाही. जखम भरली. मूत्रपिंडं काही पूर्ववत झाली नाहीत. मीठ कमी, डाळ बेताची, दर महिन्याला तपासणी, हे कायमचं झालं. अक्का वाचल्या, हे त्या हुबळीच्या डॉक्टरांचं आणि रक्त देणाऱ्या अनोळखी माणसांचं देणं. माझं त्यात काही नाही. कारखान्याच्या दवाखान्यात जाऊन यांनी खरं ते सांगितलं. दोन शब्द ऐकून घेतले, नोकरी राहिली. ज्या भीतीपायी मी तोंड मिटून बसले, ती एवढीशी निघाली.

तुमच्याही घरात असं कुणी असेल, सकाळी गोळी घेऊन उभं राहणारं आणि दिवसभर तुमचं घर ओढणारं. डॉक्टर त्यांना काही विचारतील तेव्हा तुम्ही बोलू नका. गोळी साधी आहे, फुकट आहे, चिठ्ठीवरची आहे, म्हणून ती औषध नाही असं समजू नका. आणि घरात दारूचा थेंब नाही म्हणून आपल्याला पाहणी लागू नाही, असं तर मुळीच समजू नका. मला तेच वाटत होतं.

अक्का घरी आल्यावर मी शारदम्माला म्हटलं, आमच्या घरचं चुकीचं लिहिलंयस, ते खोडून टाक आणि पुन्हा ये. ती आली. तोवर स्वैपाक मी करत होते, धुण्याला बाई ठेवली होती. अक्कांना काही काम नव्हतं. त्या पुढच्या खोलीत खिडकीशी बसल्या होत्या. शारदम्मा समोर बसली आणि कन्नडमध्ये म्हणाली, "अक्का, तुम्हालाच विचारायला आलेय."

अक्कांचे हात कोरडेच होते. तरी त्यांनी ते पदराला पुसले आणि नीट सरसावून बसल्या. मी उठले, बाहेर गेले आणि जाताना दार ओढून घेतलं.