लटारूभाऊचं अर्धं टक्कल

आरमोरीत माह्यं केस कापायचं दुकान हाय, पण लटारूभाऊसारखं येडं गिऱ्हाईक मले दुसरं भेटलं नाई. धान पिकवावं, दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत तोंड घालावं, अन् कोणी समजावलं तं त्याच्यावरच भडकावं.

त्याचा नातू विक्की दीड वर्षाचा. साधी सर्दी झाली तरी दवाखान्यात भरती. रोगाशी लढणाऱ्या पेशी त्याच्या अंगात तयारच होत नव्हत्या. नागपूरच्या डॉक्टरीणबाईनं समजावलं: या पेशी हाडाच्या मगजातून निघतात अन् छातीतल्या थायमस ग्रंथीत मोठ्या होतात. खोट कुठी हाय, ते पाहायले लॅबमंदी निरोगी थायमससारखा बारका गोळा वाढवला, त्यात विक्कीच्या रक्तातल्या बीजपेशी घातल्या. तिथीही पेशी मोठ्या झाल्या नाई, तं खोट मगजात. मंग त्याच्या बहिणीचा, दिव्यानीचा, मगज जुळला तं तो देऊन पोरगं वाचते. मोठ्या झाल्या, तं खोट ग्रंथीत, अन् तो रस्ता बंद.

लटारूभाऊ गोळा पाहून आला. साबुदाण्याएवढा! गावभर सांगत सुटला, "माह्या नातवाचं रक्त हाय त्यात. म्हणजे नातूच झाला ना बे!" बारशाचे पेढे वाटले. म्यायी खाल्ले, फुकटचं कोण सोडते?

मंग फोन आला. गोळ्याले बुरशी लागली, मेला. अन् या बाबानं चक्क सुतक धरलं! देवपूजा बंद, फोडणी बंद. "अरे, दात न आलेलं लेकरू मेलं तरी कोणी टक्कल करते का?" म्हाताऱ्यांनी लय वाद घातला. पण हा ऐकते कुठी! दहाव्याले नदीवर माह्यासमोर येऊन बसला.

अर्धं डोस्कं झालं, तेवढ्यात त्याची सून पुनम धावत आली. "मामाजी, लॅबवाले दुसरा गोळा लावून राह्यले. विक्कीचं रक्त आजच पायजे. चला!"

"आज दहावा हाय. सुतक फिटू दे, उद्या जाऊ."

पुनम कडाडली, "मेला तो बशीतला गोळा होता! माह्यं पोरगं जित्तं हाय. ते जित्तं असताना टक्कल काऊन करता?"

लटारूभाऊ अंगावरचे केस झटकत उठला. म्या म्हटलं, "भाऊ, अर्धं राह्यलं ना!"

"राहू दे," म्हणे, अन् तसाच नागपूरले गेला.

दीड महिन्यानं तो माह्या दुकानात घुसला. "नाई झाल्या! पेशी मोठ्या नाई झाल्या! खोट मगजातच हाय! दिव्यानीचा मगज जुळला!" असं बोंबलत मले मिठी मारली, अन् भर गिऱ्हाइकात ढसाढसा रडला.