कोपऱ्यातलं नाव

त्याचं नाव मला ठाऊक नाही, आणि त्याला कारण मीच.

शाहूपुरीत आमच्या गल्लीतल्या लहानशा देवळाच्या भिंतीवर मी वडिलांच्या स्मरणार्थ दत्त रंगवून घेतला. रंगवणारा कागलहून एसटीनं यायचा. ब्रश खुशाल पायजम्याला पुसायचा. पण देवाचे डोळे काढताना चपला बाहेर ठेवल्या. डोळे झाले, चपला घातल्या आणि कुत्री रंगवायला बसला.

शेवटच्या दिवशी म्हणाला, "मास्तर, कोपऱ्यात बारकं नाव घालू काय माझं?"

मी चित्रकलेचा निवृत्त मास्तर. अशी संधी सोडतोय होय? मोबाईलवर त्याला सातशे वर्षांपूर्वीचं इटलीतलं चित्र दाखवलं. सोनेरी पार्श्वभूमीवर मेरी आणि मांडीवर बाळ येशू. म्हटलं, "हे कुणी काढलं ते आजतागायत कुणाला माहीत नाही. कुठं नाव नाही, गाव नाही. याला म्हणतात भक्ती!"

त्यानं रंगानं माखलेल्या बोटांनी चित्र मोठं केलं. मेरीच्या पायाशी टीचभर माणूस हात जोडून बसला होता.

"ह्यो कोण?"

"चित्राचा खर्च त्यानं केला होता."

"व्हय? म्हंजे त्यो हाय की! काढणाराच तेवढा न्हाय."

तो हसला नाही, भांडलाही नाही. ब्रश घेऊन दत्ताच्या पायाशी बसला.

"वडलांचं नाव केवढं काढू?"

"वीतभर," मी म्हणालो. "आणि खाली कोपऱ्यात माझं. बारकं."