तात्यांच्या हातचा नारळ

आमचा जुना विधानसभा मतदारसंघ आता नकाशावर नाही. पुनर्रचनेत त्याची गावं इकडंतिकडं वाटली गेली आणि आमचं गाव शेजारच्या मतदारसंघाच्या पार शेपटाला जाऊन पडलं. गावाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. मत कुठंही टाका, रस्त्यातले खड्डे तेच. हाय खाल्ली ती आमच्या थोरल्या चुलत्यांनी, तात्यांनी.

जुन्या मतदारसंघात आमच्या मारुतीपुढं नारळ फोडल्याशिवाय कुणाचा प्रचार सुरू होत नसे, आणि नारळ तात्यांच्याच हातचा लागे. झाडून सगळे उमेदवार येत. त्यामुळं त्यांतला एक दर वेळी निवडून येई आणि तात्या मिशीला पीळ देत म्हणत, "आपल्या हाताला गुणच हाय." पडलेल्यांचा विषय घरात निघत नसे.

नव्या मतदारसंघाची पहिली निवडणूक लागली. तात्यांनी ढोकीच्या बाजारातून नारळ आणले, फेटा बांधला आणि रोज पारावर जाऊन बसू लागले. शेपटाला कोण येतंय! चुलती चिडवायची, "आणा हिकडं, चटणी तरी करते." तात्या हसायचे नाहीत. मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

एका दुपारी झेंडे लावलेली जीप पारापाशी थांबली. आतल्या उमेदवारानं तोंड उघडायच्या आत तात्यांनी त्याला हाताला धरून उतरवलं, कुंकू लावलं आणि मारुतीपुढं नारळ फोडला.

"जावा आता बिनघोर!"

तो पाया पडला आणि चाचरत म्हणाला, "बाबा, म्या पलीकडच्या मतदारसंघातला. वाट चुकलो, रस्ता इचारायला थांबलो हुतो."

अख्खा पार हसून लोळला. तात्या फेटा काढून मुकाट घरी आले.

पण निकाल लागला आणि सगळे ज्याला पडणारच म्हणत होते, तो वाट चुकलेलाच निवडून आला.

यंदा पलीकडच्या मतदारसंघातल्या झाडून सगळ्या जीपा आमच्या मारुतीपुढं उभ्या होत्या. चुलती म्हणाली, "अवं, ह्यांना आपलं एक मत तरी हाय का?"

"मत न्हाय, पर हात हाय की," तात्या म्हणाले आणि फेटा बांधायला लागले.

आमच्या स्वतःच्या मतदारसंघातलं अजून कुणी आलेलं नाही. तात्यांनी एक नारळ त्यांच्यासाठी फडताळात ठेवलाय. चुलती त्याला हात लावत नाही.